पंचायतीचा टीव्ही

सोमवार, २४ डिसेंबर २००१

आले एकदाची! मंठ्याहून सुटलेल्या जीपमध्ये माझ्या मांडीवर माझी पिशवी, पिशवीवर कुणाचं तरी पोर आणि पोराच्या हातात कोंबडी, अशा थाटात उंबरदरी गावात माझं आगमन झालं. नर्सबाई म्हणून ही माझी दुसरी जागा. पहिल्या गावात राहायला जी खोली दिली होती तिच्यात म्हैससुद्धा नाराज झाली असती. इथे मात्र नशीब उघडलं. पंचायतीनं नवीन कार्यालय बांधलंय आणि जुनी इमारत आरोग्य उपकेंद्राला देऊन टाकलीय. पुढे मोठा हॉल, त्यात माझं टेबल, वजनकाटा, तपासणीचा पलंग. मागे माझी खोली आणि मोरी. खिडकीतून तुरीचं शेत दिसतं. मी तर आनंदानं खोलीत दोनदा गोल फिरून घेतलं.

सामान उतरवायला पंचायतीचे शिपाई कडूबा आले होते. पन्नाशीचेच पण साठीचे दिसणारे, वाळक्या अंगाचे, बोलायला मऊ. पण सगळं सामान त्यांनी हॉलच्या उंबऱ्याबाहेरच ठेवलं. आत या, चहा टाकते म्हटलं तर म्हणाले, न्हाई शिस्टर, पायाला चिखल हाय. डिसेंबरात कसला आलाय चिखल! मी आपली हसले आणि सामान एकटीनं आत ओढलं.

आणि खरी गंमत आत होती. हॉलच्या समोरच्या भिंतीला एक लाकडी कपाट ठोकलंय. दोन दारं, मध्ये कुलूप, वर पांढऱ्या रंगात ग्रामपंचायतीचं नाव आणि त्याखाली हळदीकुंकवाची पुसट बोटं. बघताक्षणी ओळखलं. पंचायतीचा टीव्ही! गावाला मिळून एकच असायचा आणि असा कुलपात राहायचा, तो.

आमच्या राजूरला गणपतीच्या वाटेवर अण्णांचं नारळाचं आणि हारफुलांचं दुकान होतं. घरी टीव्ही नव्हता. रविवारी सकाळी ती देवादिकांची मालिका लागली की अण्णा दुकानावर फडकं टाकायचे, शेजारच्या कापडवाल्याच्या खिडकीखाली नारळाचं खोकं पालथं घालायचे आणि मला त्यावर उभं करायचे. स्वतः मागे उभे. आत बसा असं त्या घरातल्यांनी कधी म्हटलं नाही. कधी ती माणसं खिडकीच लावून घ्यायची. तेव्हा अण्णा फटीतून बघून मला हळू आवाजात सांगत राहायचे, आता रथ आला, आता देव उठले. शाळेतल्या मैत्रिणी आत बसलेल्या असायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी खरं सांगू? तसं सुख पुन्हा मिळालं नाही. रस्ते ओस पडायचे. टीव्हीला हार, उदबत्ती, दाराबाहेर चपलांचा ढीग. गच्चीवर एकजण अँटेना फिरवतोय आणि ओरडतोय, आलं का, आलं का. मध्येच ती व्यत्ययाबद्दल क्षमस्वची पाटी यायची, तीसुद्धा आम्ही टक लावून बघायचो. आणि रोज सकाळी रेडिओची ती धून, मग बाजारभाव, मग शेतकरी दादांच्या गप्पा. आता केबलवर शंभर चॅनेल आहेत आणि बघावंसं एक नाही. अण्णा मी बारावीत असताना गेले. कधीतरी वाटतं, त्या खिडकीपाशी एकदा परत उभं राहायला मिळावं, बस्स.

कडूबांना म्हटलं, कपाट उघडा की. म्हणाले चावी हरपली. त्यांच्या कमरेच्या करगोट्याला चावी लटकत होती, ती मला दिसत होती.

गुरुवार, २७ डिसेंबर

गाव चांगलं आहे. लोक आग्रहाचे. तीन दिवसांत इतक्या घरचा चहा झाला की रात्री झोप येईना.

आज आबारावांच्या घरी गेले. त्यांची सून गोपिका पोटुशी आहे, नववा महिना लागलाय. वीस-एकवीस वर्षांची, हसरी, पण रक्त कमी आणि पायांवर सूज. नवरा मच्छिंद्र शेतातच असतो. तिची सासू दुर्गाबाई मला ओसरीवर घेऊन बसली आणि सगळं सांगितलं. पहिल्या खेपेला गोपिकेला जीपमध्ये घालून मंठ्याला नेत होते, वाटेतच झालं आणि बाळ गेलं. गावात पूर्वी द्वारकाबाई म्हणून चांगल्या हाताची सुईण होती, ती बारा-तेरा वर्षांपूर्वी सुईणपण सोडून वडीगोद्रीला लेकीकडे जाऊन राहिली. का सोडलं ते दुर्गाबाईनं सांगितलं नाही. तेव्हापासून गावात कुणी नाही.

मग तिनं माझा हात धरला. म्हणाली, शिस्टर, या बारीला तुमीच पाहिजे. हाक मारली की जल्दी यायचं, हातातलं टाकून यायचं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला. आमचं कामच ते, म्हटलं, हाकेला उठायचं.

येताना गोपिकेनं पदरात बोरं बांधून दिली. पोरगी मला फार आवडली.

रविवार, ३० डिसेंबर

आज एक विचित्र प्रकार. सकाळी दार उघडलं तर गाव रिकामं. म्हाताऱ्या, लेकरं, सगळे भाकरी बांधून शेतात. फक्त ज्यांना चालवत नाही ते घरात, तेही दारं लावून. कुणाच्या घरचा टीव्ही चालू नाही, रेडिओ नाही. एका बाईला विचारलं, काहून हो सगळे शेतात? ती म्हणाली, इतवारी सकाळी आमी शेतातच राह्यतो. एवढं बोलून चालती झाली.

मी हॉलमध्ये औषधं लावत बसले होते. ऊन चांगलं वर आलं असेल आणि एकदम धून ऐकू आली. तीच. रविवार सकाळची. शंख, मग झांजा, मग ते गायन. हातातली बाटली निसटली. आवाज लाकडाच्या आडून आल्यासारखा, कोंदलेला. मी बाहेर जाऊन बघितलं, कुठेच काही नाही. आत आले तर आवाज कपाटातून येत होता.

घाबरायला हवं होतं. मी मात्र कपाटाला कान लावून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बुधवार, २ जानेवारी २००२

चावी मिळवली. कशी मिळवली ते लिहायला नको वाटतं. कडूबांना थाप मारली की मंठ्याच्या साहेबांचा हुकूम आहे, हॉलमधल्या वस्तू तपासून कळवायच्या, नाहीतर तुमचं नाव वर जाईल. बिचारा घाबरला. करगोट्याची चावी सोडली. उंबऱ्याबाहेरूनच चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, पहा अन् लगेच लावा शिस्टर, इतवारी बिलकुल उघडू नका. म्हाताऱ्या माणसाला फसवलं याची थोडी लाज वाटली. थोडीच.

आत जुना शटरवाला टीव्ही आहे. वर वाळून काळा पडलेला हार. मागची वायर उंदरांनी कुरतडलेली, प्लगचा पत्ता नाही. काच पुसून काढली. निदान डोळ्यांनी तरी बघितला.

रविवार, ६ जानेवारी

कुणाला पटणार नाही. पण जसं झालं तसं लिहिते.

स्टोव्हवर दूध ठेवलं होतं. धून सुरू झाली तशी मी कपाट उघडलं, शटर सरकवलं. काच उजळली. वायर नाही, काही नाही, तरी उजळली. आधी मुंग्या, मग चित्र. काळंपांढरं. रथ, धूर, मुकुट. मी पलंगाच्या कडेवर बसायला गेले आणि का कोण जाणे, खाली जमिनीवर बसले, तेव्हा बसायचो तशी मांडी घालून.

मग चित्र गेलं. क्षमस्वची पाटी आली आणि तीही गेली. काळ्या काचेत हॉल दिसायला लागला. हॉल भरलेला होता. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पुढे लेकरं, सगळे काचेकडे बघत बसलेले. जुन्या तऱ्हेचे कपडे. आणि पुढच्या रांगेत, माझ्या अगदी शेजारी, अण्णा.

आत बसलेले! मांडी घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून, आरामात. खिडकीशी नाही. त्यांना कुणी आत घेतलं होतं. चित्र परत आलं तरी त्यामागे ते पुसटसे दिसतच होते. त्यांनी मान थोडी माझ्याकडे झुकवली आणि त्याच हळू आवाजात सांगितलं, आता देव उठतील बघ, उषा.

नारळाच्या शेंडीचा वास आला. मी हलले नाही. मग जळका वास आला आणि दुधाची आठवण झाली. उठले मात्र, काच विझली. मागे वळून बघितलं तर रिकामा हॉल आणि माझा वजनकाटा.

पातेलं जळून कोळसा झालंय. दिवसभर मी वेड्यासारखी हसतेय. भूत म्हणायचं का याला? माझे अण्णा भूत कसे असतील?

बुधवार, ९ जानेवारी

कामात मन नाही. गोपिकेचा रक्तदाब बघायला गेले आणि तिनं काय सांगितलं ते परत विचारावं लागलं. सूज वाढलीय. गोळ्या दिल्या. रविवार किती लांब आहे.

रविवार, १३ जानेवारी

मला लाज वाटते आहे. आधी तेच लिहिते.

उद्या संक्रांत. लोक शेतात गेले होते, पण पलीकडच्या गल्लीतली पुष्पाबाई तिळगुळाचा पाक करायला घरी राहिली होती. गुळाचा उकळता पाक तिच्या मुलीच्या हातावर सांडला. पोरीला उचलून ती धावत इथे आली. दारातून हाका मारत होती. मला ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. पोर किंचाळत होतं.

मी मान वळवली नाही. हात वर केला. थांब म्हणून.

एवढं झालं की उठते, असं मनात म्हणत होते. उठले की अण्णा जातील आणि मग पुढच्या रविवारपर्यंत नाही. थोडंच राहिलंय, भाजलेल्या हाताला पाच मिनिटांनी काय होतंय. एका नर्सच्या डोक्यात हे आलं. माझ्या डोक्यात.

संपल्यावर बाहेर गेले तर ओसरीवर कुणी नव्हतं. धावत तिच्या घरी गेले. तोवर तिनं हाताला शाई चोपडली होती. कातडी शाईसकट निघाली. मी पट्टी बांधत होते आणि पुष्पाबाई पोरीला धरून बसली होती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे अशी बघत होती जसं काही तिला हे आधीच माहीत होतं.

आणखी एक. आज काचेत नीट बघितलं. ती माणसं पापणी लववत नाहीत. अण्णाही. आणि दाराच्या चौकटीला टेकून एकजण उभा आहे, तिशी-पस्तिशी पार केलेला, धापा टाकणारा, तोंड अर्धवट उघडं, जसा काही सांगायला आला आणि राहिलं.

सोमवार, १४ जानेवारी

कडूबा आले. पुष्पाबाईनं सांगितलं असणार. उंबऱ्याबाहेर खाली बसले आणि तीळगूळ माझ्यापुढे सरकवला. मग सांगितलं.

तेव्हा गावात हा एकच टीव्ही. कार्यक्रम म्हणजे देवाचं दर्शन, म्हणून मध्येच उठायचं नाही असा गावानं रिवाज पाडला, आरतीतून उठत नाहीत तसा. जो उठेल त्यानं पुढच्या इतवारी बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या. सगळं गाव चेष्टा करायचं. त्या लाजेनं कुणी उठत नसे.

एका इतवारी कडूबांची बायको आसराबाई घरात अडली. सुईण द्वारकाबाई इथे, पहिल्या रांगेत. कडूबा धावत आले आणि दारातून हाक मारली. साऱ्या हॉलनं मान न वळवता त्यांना श्श केलं. द्वारकाबाईनं हात वर केला, थांब म्हणून. आसराबाईचं ओरडणं इथवर ऐकू येत होतं. सगळ्यांना येत होतं. कुणीतरी उठल्यासारखं करून पुढे वाकलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

कडूबा म्हणाले, मंग मी थांबलो, शिस्टर. चौकटीला टेकून थांबलो. अन् मी बी पाह्यलं. संपूस्तोर पाह्यलं. आसरा मला याद बी न्हाई आली.

घरी गेले तेव्हा दोघंही गेली होती, ती आणि पोटातलं बाळ.

त्यानंतर इतवारी टीव्ही लावला की गावाला तेच दिसायचं, तेच ते बसलेले सगळे. वायर तोडली तरी लागायचा. फोडायला गेल्ते, म्हणाले, कुऱ्हाड घेऊन गेल्ते ते बी पाहत बसले. मग कपाट ठोकून कुलूप घातलं आणि इतवारी गाव शेतात जायला लागलं. तुम्ही मला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, कोन्या तोंडानं सांगू?

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. चौकटीला टेकलेला तो माणूस कोण ते मला कळलं होतं. कडूबा जिवंत आहेत, समोर बसलेत, आणि तरी ते अजून तिथेच उभे आहेत.

म्हणाले, कुलूप लावा अन् चावी विहिरीत टाका. टाकते म्हटलं. कुलूप लावलं. चावी टाकली नाही.

शुक्रवार, १८ जानेवारी

गोपिकेचे दिवस भरलेत. आज ठरवून गेले होते. दुर्गाबाईला म्हणायचं, हिला आत्ताच मंठ्याला दवाखान्यात नेऊन ठेवा, माझा भरवसा धरू नका. रविवारी तर मुळीच धरू नका. एवढंच बोलायचं होतं.

रक्त कमी आहे, सूज आहे, तिकडे डॉक्टर असतात, असलं काहीतरी बोलले. दुर्गाबाईचा चेहरा पडला. म्हणाली, शिस्टर, तुमीच हातावर हात देल्ता ना? त्या सडकेनं माझा नातू खाल्ला. पुन्हा त्या जीपमधी सुनेला न्हाई घालणार, बिलकुल न्हाई. तुमी हायेत म्हणून तर मला झोप येऊन राह्यली.

गोपिका आतून बघत होती. मला म्हणायचं होतं की मी उठत नाही. हाक ऐकते आणि उठत नाही. पुष्पाबाईला विचारा. हे कुठल्या तोंडानं सांगणार होते मी? शेवटी काय बोलले तर, बरं, मी आहे.

मी आहे म्हणाले.

बाळंतपण रविवारीच होईल असं थोडंच आहे. आठवड्यात इतर सहा दिवस असतात.

रविवार, २० जानेवारी

आज पोलिओचा रविवार. देवाचीच कृपा. लोक थांबले, पण सगळे शाळेकडे, गावाच्या त्या टोकाला. मी पहाटेच लशीचा डबा घेऊन शाळेत जाऊन बसले आणि हललेच नाही. लेकरांच्या तोंडात थेंब टाकत होते, बोटांना शाईची खूण करत होते. गोपिका सासूबरोबर सहज बघायला आली होती. माझ्याजवळ बसून लेकरं धरत होती. हसत होती. पुढच्या डोसाला माझं बी आणते म्हणाली.

जिंकले असं वाटायला हवं. पण धून मला तिथेही ऐकू आली. थेंब टाकता टाकता माझं मन इकडे होतं. अण्णा वाट बघत असतील. शेजारची जागा रिकामी असेल.

परत आले तर कपाटाला कुलूप तसंच. पण दाराबाहेर धुळीत चपला काढून ठेवल्याच्या खुणा. ढीगभर.

गुरुवार, २४ जानेवारी

चावी घेऊन विहिरीवर गेले. काठावर बराच वेळ उभी होते. बायका पाणी भरायला आल्या तशी परत आले.

बदलीचा अर्ज लिहायला घेतला. कारण काय लिहू? फाडला.

शनिवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झालं. मच्छिंद्र भेटला. म्हणाला आईला वाटतं एक-दोन दिवसांत. उद्या तो शेतात जाणार, रिवाजच तसा, पण आई आणि गोपिका घरी. काही झालं तर आई तुम्हाला हाक मारील.

मी त्याला थांब म्हणायला हवं होतं. जीप आणून ठेव, शेतात जाऊ नकोस. का म्हणून विचारलं असतं तर? मान हलवली. हो म्हणाले.

पिशवी भरून ठेवलीय. हातमोजे, कात्री, दोरा, इंजेक्शन. उद्या मी कपाटाकडे बघणार नाही. अण्णांची शपथ.

कसली शपथ घेतली मी.

रविवार, २७ जानेवारी

पहाटेपासून गोपिकेला कळा. जाऊन तपासून आले. नीट चाललंय, थोडा वेळ आहे. कात्री उकळायची राहिली होती म्हणून परत आले. दुर्गाबाईला सांगितलंय, उकळली की आलेच, त्याआधी वाटलं तर हाक मारा. गावात कुणी नाही. सगळे शेतात.

पाणी उकळतंय.

धून लागली.

कपाट उघडलं. फक्त आवाज बंद करायला. आवाज बंद होत नाही. वही मांडीवर घेतलीय. लिहीत राहिले तर भान राहील. काचेकडे बघत लिहितेय, ओळ वाकडी जात असेल. पाणी आटेपर्यंत. तेवढंच.

अण्णा आहेत. मी मागच्या रविवारी आले नाही तरी रागावले नाहीत. सरकून जागा दिली.

दुर्गाबाईची हाक. ओसरीवरून. शिस्टर, जल्दी चला, डोकं दिसून राह्यलं.

उठते.

उठते आहे. पाय —

पुन्हा हाक. आता उंबऱ्याजवळ. ती आत येणार नाही, तिला माहीत आहे. दुर्गाबाई, आत येऊ नका. हे मी मोठ्यानं म्हटलं का? म्हटलं नाही. अण्णा सांगतायत, आता रथ वळेल.

लाज वाटते आहे. मला खूप लाज वाटते आहे आणि मी बघते आहे.

हाक थांबली.

दुर्गाबाई बायकांच्या रांगेत बसलीय. काचेत दिसते. डोक्यावरचा पदर नीट केला. तिथे तिची जागा आधीच होती. एक तरुण दुर्गाबाई तिथे होतीच, दोघी एकात एक —

तिकडे गोपिका एकटी. ओरडते आहे. इथवर येतंय. सगळ्यांना येतंय. अण्णा, तुम्हाला येत नाही का?

कुणीतरी आवाज मोठा केला.

कोण वाकलं होतं? माझा हात पुढे होता. बटणाची धूळ माझ्या बोटाला —

ओरडणं जवळ येतंय. चालत येतेय ती. भिंत धरून. गल्लीतून. एवढं चालू नकोस गं, बस, जिथे आहेस तिथे बस, मी येते —

दारात आहे. चौकट धरलीय. पायांखाली ओलं, लाल. आता वेळ नाही. मुळीच नाही. ऊठ. उषा ऊठ. एवढंच तर येतं तुला, ऊठ —

किंचाळली. सगळ्यांनी श्श केलं.

मी पण. माझ्या तोंडातून. देवा मी पण श्श —

गप्प झाली. पुढे येतेय. लेकरांमधून वाट काढत. माझ्यामागेच बसली. कळ आली की तिचे गुडघे माझ्या पाठीत रुततात. आवाज नाही तोंडातून. मानेवर श्वास. गरम.

खांद्यावर हात ठेवला. काहीतरी मागतेय. मागेल ते करीन, हिच्यासाठी तरी उठेन, आता नक्की —

म्हणते, शिस्टर, जरासं सरका ना, मला दिसून न्हाई राह्यलं

मी सरक